जर्सीवर नाव चालते, संसदेत आवाज चालत नाही!

ऑस्ट्रेलियात दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास एक सोहळा होतो. त्या देशाचा स्वतःचा असा एक फुटबॉल आहे. आपल्याला ठाऊक असलेल्या फुटबॉलशी त्याचा फारसा संबंध नाही. क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर, एका बाजूला अठरा गडी घेऊन, अंड्याच्या आकाराच्या चेंडूने तो खेळतात. हातही चालतो, पायही चालतो. या खेळाच्या राष्ट्रीय स्पर्धेतील मे महिन्यातली फेरी २०१६ पासून एका माणसाच्या नावाने ओळखली जाते. सर डग निकल्स फेरी. त्या फेरीत सगळे संघ मूळनिवासी चित्रकारांनी रंगवलेल्या जर्सी घालतात. काही संघ आपले नावसुद्धा मूळनिवासी भाषेतले लावतात. मेलबर्नचा संघ त्या दिवसांत 'नार्म' होतो. मैदाने भरतात, टाळ्या पडतात.

ज्याच्या नावाने हे सर्व चालते, त्या माणसाला ह्याच खेळातल्या एका मोठ्या क्लबने १९२७ साली अंगाला वास येतो म्हणून हाकलले होते.

परदेशातल्या एका फुटबॉलपटूवर आम्ही हा स्तंभ का खर्ची घालावा, असा प्रश्न काही वाचक विचारतील. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील काळ्यांचे नेते डू बॉईस यांना पत्र लिहून तिथल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. जगाच्या पाठीवर जिथे जिथे माणसाला जन्मावरून हीन ठरवले जाते, तिथल्या लढ्याचे कागदपत्र वाचणे ही आंबेडकरी चळवळीची सवय आहे. ती सवय अलीकडे थोडी सुटली आहे, हे मात्र आम्हाला कबूल केले पाहिजे.

डग्लस निकल्स यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा. गाव कमेरागुंजा. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या दोन राज्यांच्या मधून मरे नावाची मोठी नदी वाहते, तिच्या काठावरची ही मूळनिवाशांची सरकारी वसाहत. योर्टा योर्टा नावाच्या लोकांचा हा मुलूख. गाव म्हणायचे, पण तिथला व्यवस्थापक सरकार नेमणार, शिधा सरकार देणार, कोणी आत यायचे आणि कोणी बाहेर जायचे हेही सरकारच ठरवणार. आपल्याकडे गावकुसाबाहेरचा महारवाडा होता. तिथे गावकुसाबाहेरच एक अख्खे गाव वसवून त्यावर मुकादम बसवला होता एवढाच फरक. डग आठ वर्षांचे असताना पोलीस आले आणि त्यांच्या सोळा वर्षांच्या बहिणीला, हिल्डाला, आईच्या डोळ्यादेखत घेऊन गेले. कूटामंड्रा येथील मुलींच्या संस्थेत तिला गोऱ्यांच्या घरची मोलकरीण होण्याचे शिक्षण देण्यात आले. पोराने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. शाळा तिसरीपर्यंत. तेराव्या वर्षी मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या शेडमध्ये नोकरी लागली. कातरताना मेंढीच्या कातडीला कात्री लागली की जखमेवर डांबर फासायचे, हे काम.

उंची सव्वापाच फुटांच्याही आत, पण पाय वाऱ्याचे. टोंगाला या जवळच्या खेड्याच्या संघाकडून खेळताना मेलबर्नच्या क्लबांची नजर त्यांच्यावर गेली. १९२७ साली ते कार्लटन या नामांकित क्लबात गेले. सरावात चांगले खेळले. पण सहकारी खेळाडूंची तक्रार अशी, की ह्याच्या अंगाला वास येतो. सामन्याआधी खेळाडूंच्या अंगाला तेल चोळून मालीश करायची तिथे पद्धत होती. क्लबच्या मालीशवाल्यांनी त्यांच्या काळ्या अंगाला हात लावायला नकार दिला. पहिल्या संघाकडून एकही सामना न खेळता डग निकल्स कार्लटनमधून बाहेर पडले.

वाचकांनी इथे जरा थांबावे. ऑस्ट्रेलियात जातिव्यवस्था नव्हती. मनुस्मृती नव्हती. कोणत्या देवाच्या मुखातून आणि पायातून कोण जन्मले, याचा हिशेब तिथे कोणी लिहून ठेवला नव्हता. तरीही हात लावायचा नाही, ही गोष्ट तिथे जशीच्या तशी होती. वंशभेद वेगळा आणि अस्पृश्यता वेगळी, हे पुस्तकात खरे आहे. बाबासाहेबांनीही तो फरक स्पष्ट करून ठेवला आहे. पण मालीशच्या बाकावर पडून आपली पाळी यायची वाट बघणाऱ्या वीस वर्षांच्या पोराला या फरकाचा काय उपयोग?

आणि आपल्याकडे काय होते? पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले गोलंदाज. पुण्यात गोऱ्या साहेबांना चेंडू टाकत त्यांनी आपला हात तयार केला. पुढे हिंदूंच्या संघाला त्यांच्यावाचून चालेना म्हणून त्यांना संघात घेतले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण झेलत होते, पण चहाच्या सुट्टीत बाळूंना चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात भारतीय संघाचे ते सर्वोत्तम गोलंदाज ठरले. हिंदू संघाचे कप्तानपद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली, बऱ्याच झगड्यानंतर. तेव्हा गुणवत्ता असली की जात आपोआप गळून पडते, असे जे आम्हाला प्रत्येक आरक्षणविरोधी लेखात ऐकवले जाते, त्याचे उत्तर द्यायला कार्लटनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. गुणवत्तेने मैदानाचे फाटक उघडते. कपडे बदलायच्या खोलीचे दार आतूनच लावलेले असते.

निकल्स खेळ सोडून गावी परतले नाहीत. नॉर्थकोट या दुय्यम स्पर्धेतल्या क्लबने त्यांना घेतले, आणि १९२९ साली त्या क्लबने अजिंक्यपद मिळवले. त्याच वर्षी त्यांनी पैशाच्या धावण्याच्या दोन मोठ्या शर्यती जिंकल्या. जत्रेतल्या तंबूत मुष्टियुद्धही खेळले. पोट भरायचे तर ते करणे भाग होते. १९३२ साली फिट्झरॉय क्लबने त्यांना वरच्या स्पर्धेत आणले. पहिल्या दिवशी ते खोलीत एका कोपऱ्यात एकटेच जाऊन बसले. कार्लटनचा अनुभव ते विसरले नव्हते. तेव्हा त्या संघाचा, किंबहुना त्या काळातल्या सगळ्या खेळाचा सर्वात मोठा खेळाडू हेडन बंटन उठला आणि त्यांच्याशेजारी येऊन कपडे बदलू लागला. बंटनने काही भाषण केले नाही. शेजारी येऊन बसला, एवढेच. फिट्झरॉयकडून निकल्स १९३७ पर्यंत चोपन्न सामने खेळले, आणि १९३५ साली व्हिक्टोरिया राज्याच्या संघात निवडले गेलेले पहिले मूळनिवासी ठरले.

क्रीडा पानावरचा लेख असता तर इथे संपला असता. आम्हाला खरे सांगायचे आहे ते पुढचे.

खेळामुळे नाव झालेला माणूस त्या नावाचे काय करतो, हा आमच्या समाजापुढचा जुनाच प्रश्न आहे. बाळू पळवणकर यांच्याविषयी तरुण बाबासाहेबांना अभिमान होता. तेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले. त्या थोर खेळाडूचा उपमर्द करण्याची आमची इच्छा नाही. प्रस्थापितांना आपल्यातला नामवंत माणूस कशासाठी हवा असतो, एवढेच त्यावरून दिसते. निकल्स यांच्या बाबतीत उलटे झाले, आणि त्याचे श्रेय विल्यम कूपर या म्हाताऱ्याला द्यायला हवे. कूपर हेही योर्टा योर्टा, निकल्स यांच्या नात्यातले वडीलधारे. हयातभर मजुरी केलेला हा माणूस सत्तरीच्या घरात मेलबर्नला आला, ऑस्ट्रेलियन अॅबोरिजिन्स लीग नावाची संघटना उभी केली आणि इंग्लंडच्या राजाला पाठवण्यासाठी एक अर्ज लिहिला. अर्जावर १८१४ सह्या गोळा केल्या. मागण्या तीन: आमचा वंश नष्ट होऊ देऊ नका, आमची परिस्थिती सुधारा, आणि संसदेत आमच्या वतीने बोलणारा प्रतिनिधी आम्हाला द्या. ऑस्ट्रेलिया सरकारने १९३८ साली तो अर्ज राजाकडे पाठवायचाच नाही, असा निर्णय घेतला.

तिसरी मागणी आंबेडकरी वाचकांनी नीट पाहावी. कूपर सह्या गोळा करत होते त्याच्या थोडे आधी, लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आपल्या माणसांसाठी आपला निवडलेला प्रतिनिधी मागत होते. १९३२ साली पुण्यात काय झाले हे आम्ही इथे पुन्हा सांगत नाही. कूपर यांना बाबासाहेबांचे नाव ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. पण ज्याच्यावर अन्याय होतो तो माणूस जगाच्या कोणत्याही टोकाला असो, एक दिवस ह्याच मागणीपाशी येऊन पोहोचतो: आमच्याविषयी निर्णय घेणार असाल, तर त्या खोलीत आमचा माणूस बसवा.

२६ जानेवारी १९३८ रोजी, गोऱ्यांच्या आगमनाला दीडशे वर्षे झाली म्हणून सिडनीत जल्लोष चालू असताना, मूळनिवाशांनी शोकदिन पाळला. त्या सभेला निकल्स हजर होते. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३९ मध्ये, व्यवस्थापकाच्या जाचाला कंटाळून कमेरागुंजाचे सुमारे दोनशे लोक बायकापोरांसह गाव सोडून नदीपलीकडे निघून गेले. कूपर १९४१ साली वारले. तोवर निकल्स खेळातून बाहेर पडले होते, चर्चचे काम करू लागले होते आणि पुढे मेलबर्नच्या फिट्झरॉय भागातल्या गरीब मूळनिवाशांचे पाद्री झाले. आम्ही बौद्ध आहोत. शोषकाच्या धर्मातूनच शोषिताची सुटका होईल यावर आमचा विश्वास नाही. पण त्यांच्या चर्चमध्ये रविवारी जी माणसे येत होती त्यांना त्या शहरात दुसरीकडे कुठे बसायला जागा नव्हती, हेही लिहायला हवे. आणि पत्नी ग्लॅडिस यांच्याशिवाय यातले काहीच उभे राहिले नसते. आपल्याकडच्या चळवळीतल्या बायांप्रमाणे त्यांचेही नाव पाटीवर उशिरा आले. मेलबर्नच्या पार्लमेंट गार्डन्समध्ये २००७ साली त्या दोघांचा पुतळा उभारला, तेव्हा कुठे त्या नवऱ्याच्या शेजारी दिसल्या.

१९४९ साली निकल्स यांनी पंतप्रधान चिफ्ली यांना पत्र लिहिले. मागणी कूपर यांचीच: संसदेत मूळनिवाशांचा प्रतिनिधी. मिळाला नाही.

१९५७ साली ते पश्चिमेकडच्या वॉरबर्टन पर्वतरांगांत गेले. तिथल्या उपाशी, आजारी मूळनिवाशांचे चित्रीकरण करून आणले. शहरांच्या सभागृहांत ती फिल्म दाखवल्यावर गोऱ्यांनाही लाज वाटली, आणि त्या वर्षी अॅबोरिजिन्स अॅडव्हान्समेंट लीग स्थापन झाली. निकल्स तिचे पूर्णवेळ कार्यकर्ते. त्यांची भाषा मवाळ होती. पुढच्या पिढीतल्या तरुणांना तिचा राग येई, आणि १९७२ साली त्यांनी 'सर' ही पदवी घेतली, १९७६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपालपद घेतले, तेव्हा तो वाढला असणार. ज्या राजाने अर्ज वाचलाही नाही, त्याच्याच गादीवरून आलेली पदवी! आमच्या चळवळीत पद मिळताच मुके झालेले नेते आम्ही इतके पाहिले आहेत की हा राग आम्हाला समजतो. पण एक गोष्ट पारड्यात टाकावी लागते. व्हिक्टोरिया सरकारने त्यांना मूळनिवासी कल्याण मंडळावर नेमले होते. १९६३ साली सरकारने लेक टायर्स ही मूळनिवाशांची वसाहत बंद करून जमीन मोकळी करण्याचा घाट घातला, तेव्हा त्यांनी मंडळाचा राजीनामा तोंडावर फेकला आणि तिथल्या लोकांना घेऊन संसदेवर मोर्चा नेला. काही वर्षांनी ती जमीन तिथल्या रहिवाशांच्या नावावर झाली. खुर्ची सोडता येते की नाही, हे खुर्ची मिळाल्यावरच कळते. राज्यपालपद त्यांना पक्षाघाताच्या झटक्यामुळे पाचच महिन्यांत, १९७७ मध्ये सोडावे लागले. ४ जून १९८८ रोजी ते वारले, सरकारी इतमामात अंत्ययात्रा निघाली आणि दफन झाले ते कमेरागुंजाच्या मातीत.

त्या मातीचे काय झाले, हे वकिलीच्या धंद्यात असल्यामुळे आम्ही जरा सविस्तर सांगतो. १९९२ च्या माबो निकालाने मूळनिवाशांचा जमिनीवरचा परंपरागत हक्क मान्य झाल्यावर योर्टा योर्टा लोकांनी मरे आणि गोलबर्न नद्यांच्या काठच्या मुलखावर दावा लावला. १९९८ साली न्यायमूर्ती ओल्नी यांनी तो फेटाळला. कारण असे, की तुमच्या चालीरीती इतिहासाच्या लाटेत वाहून गेल्या आहेत. परंपराच उरली नाही, तर परंपरागत हक्क कुठला? आणि ह्याला आधार म्हणून जे पुरावे धरले, त्यात १८८१ सालचा एक अर्ज होता. मालोगा येथे राहणाऱ्या ४२ मूळनिवाशांनी गव्हर्नरला लिहिलेला: आमची सगळी जमीन गोऱ्यांनी घेतली, शिकारीच्या जागा गेल्या, आम्हाला कसायला थोडी जमीन द्या. आजोबांनी न्याय मागण्यासाठी केलेला अर्ज नातवंडांच्या विरुद्ध पुरावा म्हणून वाचला गेला! जमीन गेल्याची तक्रार तुम्हीच केली आहे, म्हणजे जमीन तुमच्याकडे नव्हती हे सिद्ध. १२ डिसेंबर २००२ रोजी तिथल्या सर्वोच्च पीठाने पाच विरुद्ध दोन मतांनी हा निकाल कायम केला. मराठवाड्यातल्या गायरानाचे दावे चालवणाऱ्या कोणाही वकिलाला ही तऱ्हा ओळखीची वाटेल. भूमिहीनाची जमिनीवरची वहिवाट सिद्ध करायला गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, काढावी लागते. गुन्ह्याची नोंद हाच हक्काचा पुरावा. आणि समोरचा वकील त्याच नोंदीवर बोट ठेवून म्हणतो, बघा, हा तर अतिक्रमणदार.

आता पुन्हा मैदानाकडे येऊ. अॅडम गुड्स हा वॉलारू या खेडवळ गावात जन्मलेला मूळनिवासी खेळाडू. ३७२ सामने, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक दोनदा. मे २०१३ मध्ये, मूळनिवाशांच्या सन्मानाच्या ह्याच फेरीत, प्रेक्षकांतल्या तेरा वर्षांच्या एका मुलीने त्याला वानर म्हटले. त्याने तिच्याकडे बोट दाखवले. दुसऱ्या दिवशी, त्या मुलीला दोष देऊ नका, असेही सांगितले. २०१४ साली त्याला 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' हा सन्मान मिळाला, आणि तो इतिहासाविषयी बोलू लागला. तिथून स्टेडियमे फिरली. २०१५ च्या हंगामात चेंडू त्याच्याकडे गेला की हजारो लोक हुर्यो उडवत. त्याच फेरीत त्याने एकदा आपल्या लोकांचा युद्धनृत्याचा पवित्रा मैदानावर केला, तर म्हणाले, हा प्रेक्षकांना घाबरवतो. सप्टेंबरमध्ये त्याने खेळ सोडला. पुढच्याच वर्षी त्या फेरीला डग निकल्स यांचे नाव देण्यात आले. जिवंत माणूस बोलतो. मेलेल्या माणसाचे नाव जर्सीवर गप्प बसते. स्पर्धेच्या चालकांनी २०१९ साली गुड्सची माफी मागितली. २०२१ साली खेळातल्या थोरांच्या यादीत त्याचे नाव घालायचे ठरले, तेव्हा त्याने नको म्हणून कळवले.

आणि १४ ऑक्टोबर २०२३. कूपर यांची तिसरी मागणी, निकल्स यांचे १९४९ चे पत्र, पुष्कळ पातळ होऊन ऑस्ट्रेलियाच्या जनतेपुढे सार्वमताला आले. प्रतिनिधीसुद्धा नाही, मूळनिवाशांविषयीच्या कायद्यांवर संसदेला फक्त सल्ला देईल असे एक मंडळ घटनेत असावे, एवढेच. त्याला कायद्यावर नकाराधिकार नव्हता, पैसे खर्चायचाही अधिकार नव्हता. फुटबॉल स्पर्धेच्या चालकांनी 'होय'च्या बाजूने भूमिका जाहीर केली होती, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. साठ टक्के मतदारांनी 'नाही' म्हटले. सहाही राज्यांत 'नाही'. ह्याच देशाने १९६७ च्या सार्वमतात मूळनिवाशांना जनगणनेत मोजायला नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनी 'होय' म्हटले होते. मोजायला कोणाची हरकत नव्हती. 'नाही'च्या प्रचाराचा मुख्य मुद्दा आपल्याला पाठ आहे: सगळे नागरिक समान, मग एका गटाला वेगळे स्थान का? असे मत देणाऱ्यांत दर मे महिन्यात त्या रंगीत जर्सीला टाळ्या वाजवणारे किती होते, हे कोणी मोजलेले नाही.

निकल्स ज्या राज्यात खेळले आणि जगले, त्या व्हिक्टोरियाच्या संसदेने २०२५ च्या अखेरीस मूळनिवाशांशी कराराचा कायदा मंजूर केला. त्या राज्यापुरती का होईना, मूळनिवाशांनी स्वतः निवडलेली, संसदेला सल्ला देणारी संस्था त्यातून उभी राहिली. कूपर यांच्या अर्जाला तोवर नव्वद वर्षे होत आली होती. सत्ता आली तर पहिल्या शंभर दिवसांत हा कायदा रद्द करू, असे विरोधी पक्षांनी तेव्हाच जाहीर करून टाकले होते.